रॅकहॅमच्या झाडांविषयी

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

परीकथांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणारा इंग्रज चित्रकार आर्थर रॅकहॅम, त्याची चित्रं लेकीला दाखवायला भीती वाटते, असं तू लिहिलंस. मला ते पटलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

त्याची झाडं नीट बघ. खोडाला सुरकुत्या, फांद्यांना बोटं, मुळांच्या बेचक्यात दबा धरून बसलेले बुटके. भय आहेच त्यात. पण प्रत्येक गाठ, प्रत्येक ढोली इतकी खरी की इथं कुणीतरी राहत असणार, हे मानावंच लागतं. जंगलाचा धाकच नसेल, तर गोष्टीतली पोर सुखरूप घरी आल्याचा आनंद तरी कसा व्हावा?

हा लंडनचा माणूस, जन्म १८६७चा. १८व्या वर्षी विमा कंपनीत कारकून झाला आणि संध्याकाळी लॅम्बेथच्या कलाशाळेत चित्रकला शिकत राहिला. नाव झालं ते १९०५च्या ‘रिप व्हॅन विंकल’ या गोष्टीच्या पुस्तकानं, त्यात ५१ रंगीत चित्रं होती.

रंग मळकट वाटतात, असंही तू म्हणतोस. अरे, तेव्हा तिरंगी छपाई नवीनच होती. पिवळा, तांबडा, निळा असे ठसे एकावर एक छापायचे. एखादा केसभर सरकला की चित्र बिघडलं. रॅकहॅम आधी शाईची रेघ पक्की करायचा आणि मग जलरंगाचे पातळ हात चढवत न्यायचा. आकार रेघेनं धरून ठेवलेला असल्यानं रंगावर भार पडत नसे. जुन्या कागदासारखा तो पिवळसर, धुरकट उजेड मला तरी फार प्रिय आहे.

शेवटचं काम ‘द विंड इन द विलोज’ या नदीकाठच्या प्राण्यांच्या गोष्टीचं. हे पुस्तक १९०८च्या सुमारास चित्रांसाठी त्याच्याकडे आलं होतं, पण हाती दुसरी कामं असल्यानं तेव्हा जमलं नाही. पुढे म्हातारपणी, कॅन्सरनं खंगलेला असताना त्यानं ते पुरं केलं. गोष्टीतले रॅट आणि मोल हे दोन प्राणी सहलीला निघालेत त्या चित्रात होडीला वल्हीच नाहीत, हे उशिरा ध्यानात आलं, तर दमलेल्या अवस्थेतही ती काढूनच थांबला, असं सांगतात. सप्टेंबर १९३९मध्ये तो गेला. पुस्तक १९४०मध्ये आलं.

लेकीला आधी १९१९ची ‘सिंड्रेला’ दाखव. त्यात बहुतेक सगळ्या काळ्या छायाकृती आहेत. डोळे नाहीत, चेहऱ्यावरचे भाव नाहीत. तरी नाकाच्या शेंड्यावरून आणि घागऱ्याच्या घेरावरून कोण किती तोऱ्यात आहे, ते तिला बरोबर कळेल. झाडं त्यानंतर दाखव, आणि ती काय म्हणाली ते मला सगळं लिही.

वहिनींना नमस्कार, लेकीला आशीर्वाद.

तुझा,
अविनाश