पाचवी क्षमता फक्त धर्मशिक्षकाचीच का?

माननीय धर्मव्यवहार मंत्री,
इंडोनेशिया प्रजासत्ताक

सविनय सलाम.

मी निवृत्त शिक्षक-प्रशिक्षक आहे. विषय मदरशातल्या शिक्षकाच्या वर्गनेतृत्वाचा आहे. पत्र मराठीत लिहितोय, कारण तक्रार आणि आपुलकी एका वाक्यात बसवणं मला याच भाषेत जमतं. भाषांतराची तसदी आपल्या कार्यालयाला. ‘गुरू’ मात्र भाषांतर न करताच पोचेल, तो आपल्याकडेही गुरूच आहे. जावामध्ये त्याची फोडही सुंदर करतात: ‘दिगुगु लान दितिरु’. ज्याचं ऐकावं आणि ज्याच्यासारखं वागावं, तो.

हे पत्र वाचणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक खुलासा. इंडोनेशियातला मदरसा म्हणजे फक्त धर्मग्रंथ शिकवणारी जागा नव्हे. १९७५ साली तीन मंत्र्यांनी मिळून आदेश काढला आणि मदरशात ७० टक्के सर्वसाधारण विषय, ३० टक्के धर्मविषय अशी वाटणी ठरली. प्रमाणपत्रही इतर शाळांच्या तोडीचं झालं. सातवी ते नववीच्या मदरशाला ‘त्सानाविया’ म्हणतात. नव्वद टक्क्यांहून जास्त मदरसे खासगी आहेत आणि त्यांचा कारभार शिक्षण मंत्रालयाकडे नसून आपल्याकडे आहे. म्हणून पत्र आपल्याला.

मध्य जावातल्या एका खासगी त्सानावियात, आठवीच्या वर्गात, मी मागच्या बाकावर बसलो होतो. पहिला तास फिकहचा, म्हणजे इस्लामी धर्मनियमांचा, विषय जकात, म्हणजे संपत्तीतून द्यायचं सक्तीचं दान. बाईंनी व्याख्या सांगितली नाही. एका कुटुंबाकडे वर्षभर १०० ग्रॅम सोनं पडून आहे, मर्यादा ८५ ग्रॅमची, मग जकात किती, एवढं विचारलं आणि त्या बाजूला झाल्या. काही मुलांनी १५ ग्रॅमवर अडीच टक्के काढले, काहींनी पूर्ण शंभरवर. वाद पेटला. बाई मधूनमधून इकडच्या गटाला एक प्रश्न टाकायच्या, तिकडच्या गटाला एक. शेवटी ‘मर्यादा ओलांडली की सगळ्यावर’ हे एका मुलीनेच सगळ्यांना पटवून दिलं.

पुढचा तास गणिताचा. तीच मुलं, तेच बाक, आणि योगायोग बघा, उजळणीही टक्केवारीचीच. सरांचं गणित पक्कं होतं, फळ्यावरची एकही पायरी चुकली नाही. पण चाळीस मिनिटांतली बहुतेक त्यांची पाठ आमच्याकडे होती. मगाशी अडीच टक्क्यांवरून भांडणारी ती मुलगी वहीच्या कोपऱ्यात फुलं काढत बसली.

सर आळशी नव्हते. तास संपताच हेल्मेट उचलून ते दुसऱ्या शाळेकडे निघाले. प्रमाणित शिक्षकाचा भत्ता मिळवायचा तर आठवड्याला शिकवण्याचे २४ तास भरावे लागतात आणि एका मदरशात तेवढे तास नाहीत. ज्याला वर्गाबाहेर पाच मिनिटं थांबता येत नाही, त्याला मुलांची नावं तरी कशी लक्षात राहणार?

आता नियमाकडे येतो. २००५ च्या शिक्षक कायद्याने शिक्षकाच्या चार क्षमता सांगितल्या: अध्यापनाची, व्यक्तिमत्त्वाची, सामाजिक आणि व्यावसायिक. २०१० मध्ये आपल्याच मंत्रालयाने १६ क्रमांकाच्या नियमात पाचवी जोडली, नेतृत्वाची. पण ती शाळेतल्या धर्मशिक्षकासाठी. जोडणाऱ्याची नजर तीक्ष्ण होती, याबद्दल मला शंका नाही. मात्र नियम वाचला तर हे नेतृत्व शाळाभर धार्मिक संस्कार रुजवण्याचं, सगळ्यांना संघटित करण्याचं, धर्माधर्मांत सलोखा राखण्याचं आहे. चौतीस मुलांच्या वर्गात कोणाला कधी बोलू द्यायचं, गप्प मुलाला कसं ओढून आणायचं, चुकलेल्या उत्तराचं काय करायचं, या नेतृत्वाला तिथे जागा नाही. आणि त्सानावियातल्या गणिताच्या, विज्ञानाच्या, इंडोनेशियन भाषेच्या शिक्षकाला तर ती पाचवी ओळ लागूच होत नाही. मी पाहिलेल्या त्या दोन तासांत फरक फक्त या न लिहिलेल्या ओळीचा होता.

ही ओळ बाहेरून आणायची गरज नाही. १९२२ मध्ये योग्याकार्तात तामान सिस्वा ही शाळा सुरू करणारे शिक्षणतज्ज्ञ ‘की हजर देवांतारा’ यांनी ती सांगून ठेवली आहे: ‘इंग न्गार्सो सुंग तुलोदो, इंग माद्यो मांगुन कार्सो, तुत वुरी हान्दायानी.’ पुढे असताना उदाहरण घालून द्या, मध्ये असताना उमेद जागवा, मागे राहून बळ द्या. (‘माद्यो’ म्हणजे आपला ‘मध्य’च.) यातला शेवटचा तुकडा शिक्षण मंत्रालयाच्या बोधचिन्हावर आहे. फिकहच्या बाई त्या तासात तिन्ही जागी उभ्या राहिल्या. गणिताचे सर फळ्यापाशी होते, म्हणजे दिसायला पुढे, पण कोणाच्याच पुढे नाही.

आपल्या बोधचिन्हावर ‘इख्लास बेरामल’ आहे, निःस्वार्थ मनाने काम करा. शब्द मोठे आहेत. पण कंत्राटी शिक्षकाने मानधनाचा विषय काढला की हेच शब्द त्याच्या तोंडावर फेकले जातात, तेव्हा मला त्या शब्दांची कीव येते. नुसत्या पैशाने वर्ग सुधारत नाही, हेही खरं. इंडोनेशियाच्या सरकारी शाळांमध्ये प्रमाणित शिक्षकांचा मूळ पगार भत्त्याने दुप्पट केला, तरी मुलांच्या शिकण्यात फरक पडला नाही, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात दिसलं. मात्र तो अभ्यास कायम नोकरीतल्या शिक्षकांचा होता. खासगी मदरशातल्या तुटपुंज्या मानधनाचं समर्थन म्हणून कोणी तो आपल्यापुढे ठेवला, तर कृपया परत पाठवा.

त्याच शाळेत मी पर्यवेक्षकांची भेटही पाहिली. पाठटाचणांच्या फायली तपासल्या, शिक्के झाले, चहा झाला. वर्गाचं दार कोणी ढकललं नाही. फायलीत गणिताच्या सरांचं टाचण फिकहच्या बाईंच्या टाचणापेक्षा उजवं होतं, हे मुद्दाम सांगतो.

तेव्हा मागणं असं. पर्यवेक्षकाने फाईल नंतर बघावी, आधी पूर्ण तास बसावं, आणि तासानंतर त्याच शिक्षकाशी अर्धा तास बोलावं. गुण देऊ नयेत. गुण आले की नाटक आलं. शिक्षकांच्या व्यावसायिक प्रशिक्षणात ही पाचवी क्षमता वर्गापुरती नव्याने लिहून सगळ्या विषयांना लावावी. एमजीएमपी म्हणतात ते विषयशिक्षकांचे गट आहेतच, पण त्यात गणितवाले गणितवाल्यांनाच भेटतात. त्या सरांना त्या बाईंचा तास बघायला मिळाला तर? भिंत एकच आहे मधे. त्यासाठी २४ तासांच्या हिशेबात सहकाऱ्याच्या वर्गात बसलेला तास मोजावा लागेल. हे आपल्या हातात आहे, आणि याला नवी इमारत लागत नाही.

२०२५ मध्ये आपल्या मंत्रालयाने प्रेमावर आधारलेला अभ्यासक्रम आणला. पुढच्या वेळी त्याची पाहणी करायला एखाद्या त्सानावियात जाल, तेव्हा गणिताच्या तासाला, मागच्या बाकावर बसा. आधी कळवू मात्र नका. कळवलंत तर त्या दिवशी सगळे फिकहच्या बाईंनाच वर्गावर पाठवतील.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक-प्रशिक्षक