प्रतिकारशक्ती समजावणाऱ्या मॅडमना अनावृत पत्र

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

साथीच्या काळातलं साहित्य आणि चित्रं यांवर प्रबंध लिहिणाऱ्या मला तुम्ही रोगप्रतिकारशास्त्र शिकवलंत, तेही स्वतःची प्रयोगशाळा सांभाळून. त्याचे आभार चारचौघांत मानायचे आहेत, म्हणून हे पत्र.

फ्रेंच विचारवंत मिशेल फूको वाचला होता. माणसांचं जन्मणं, आजारी पडणं, मरणं हाच सत्तेचा कारभार कसा होतो, ते तो सांगतो. जैवराजकारण ते हेच. त्यानंतर इंग्रज लेखक डॅनियल डीफोचं प्लेगवरचं १७२२ चं पुस्तक वाचताना एक गोष्ट सतत खुपत राहते. १६६५ च्या लंडनमध्ये घरातला एक जण आजारी पडला की धडधाकट माणसांसकट सगळं घर बंद, दारावर तांबडा क्रूस, बाहेर रात्रंदिवस पहारा. उरलेलं शहर वाचावं म्हणून ही माणसं कोंडायची. या उपायाचा उपयोग काय, असं डीफोचा निवेदकच विचारतो. माझ्या मते पुस्तकाचा गाभा तिथे आहे.

पण शरीर तरी असं वागतं का? ते तुमच्याकडून कळलं. पोटातलं बाळ अर्धं वडिलांचं, म्हणजे आईच्या पेशींना परकंच. तरी तिचं शरीर त्याला सांभाळतं. आतड्यातले असंख्य जिवाणू आपण पोसतो. परक्याला सोसणं हेही प्रतिकारशक्तीचंच काम, आणि ते बिघडलं की ती आपल्याच शरीरावर उठते. कागदावर पेशी काढून काढून तुम्ही हे समजावलंत. रोबेर्तो एस्पोसितो हा इटालियन विचारवंत प्रतिकारशक्ती आणि समाज यांवर लिहिताना गर्भाचाच दाखला का देतो, ते मग उमगलं.

ऑस्ट्रियन चित्रकार एगॉन शीलेचं १९१८ चं ‘कुटुंब’ हे चित्र तेव्हापासून मला निराळं दिसतं. उकिडवा पुरुष, पुढ्यात बाई, तिच्या पायांशी मूल. त्याच वर्षी फ्लूच्या साथीत शीलेची पत्नी एडिथ सहा महिन्यांची गरोदर असताना २८ ऑक्टोबरला गेली, तो ३१ ला.  त्या साथीत गरोदर बायकांना एवढा धोका का होता, हे तुम्ही शांतपणे सांगितलंत. कलासमीक्षेच्या पुस्तकांत मला ते मिळालं नव्हतं.

आणि फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस हा कलाकार! जोडीदार एड्सनं गेला त्याच १९९१ साली त्यानं खाऊच्या गोड गोळ्यांचा ढीग मांडला, ढिगाचं आदर्श वजन १७५ पौंड, जणू जोडीदाराचं शरीरच. येणाऱ्यानं एक उचलायची, हवी तर खायची. ज्यांना शिवायला लोक धजत नव्हते, त्यांतल्या एकाचं शरीर तो आपल्या तोंडात ठेवायला देतो. हे ऐकून तुम्ही सहकाऱ्यांना बोलावलंत आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलंत. तो मान मी विसरणार नाही.

शेवटचं प्रकरण लसीच्या भीतीवर आहे. १८०२ च्या गिलरेच्या व्यंगचित्रात गायींच्या देवीपासून केलेली देवीची लस टोचलेल्यांच्या अंगातून गायी फुटतात. अशी भीती हसण्यावारी नेऊ नये, हे तुमचं म्हणणं मी त्यात जसंच्या तसं ठेवलं आहे. खर्डा पाठवला आहे. सवडीनं वाचा आणि नेहमीसारख्या समासात खुणा करा.

आपली,
साहित्याची एक विद्यार्थिनी