जुन्या पार्टवर पुन्हा घसारा कशासाठी?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की परशुराम घाट, भोस्ते घाट, कशेडी या पट्ट्यात गाड्या घसरतात, आदळतात आणि गॅरेजच्या दारात दरवर्षीचा वाद पुन्हा उभा राहतो. गाडी आठ-नऊ वर्षांची असते. बॉनेट, दरवाजा, हेडलाइट सगळे नवे घ्यायचे तर विम्याचे पैसे मिळूनही मालकाच्या अंगावर मोठी रक्कम पडते. कुर्ल्याहून किंवा कोल्हापूरहून आणलेला जुना ओरिजिनल पार्ट बसवायचा म्हटले तर नुकसान मोजायला आलेला विम्याचा सर्व्हेअर नाही म्हणतो. क्वचित हो म्हणालाच, तर त्या जुन्या पार्टवरही घसारा, म्हणजे झिजेपोटीची कपात, कापतो. नाही म्हणण्यामागे निदान काही कारणे असतात. घसारा कापण्यामागचा हिशेब मात्र आम्हाला आजवर कोणी पटवून दिलेला नाही.

घसाऱ्याचे दर पॉलिसीत छापलेले असतात. रबर, नायलॉन, प्लॅस्टिकचे पार्ट, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के, फायबरवर ३० टक्के, काचेवर शून्य. पत्र्याचे आणि बाकीचे पार्ट गाडीच्या वयावर जातात: पहिले सहा महिने काही नाही, वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, पाच ते दहा वर्षे ४० आणि दहाच्या पुढे ५०. रंगाचे एकत्र बिल असेल तर त्यातला चौथा हिस्सा मटेरियल धरून त्याच्यावर ५० टक्के कापतात. म्हणजे रंगकाम ८,००० रुपयांचे असले तर मटेरियल २,०००, कपात १,०००. पुष्कळ मालकांना वाटते की रंगाच्या पूर्ण बिलावर निम्मे गेले; तसे कोणी कापले असेल तर लगेच हरकत घ्यावी.

हा घसारा कापायचा कशासाठी? नऊ वर्षांच्या गाडीला कोरे बॉनेट बसले की मालकाच्या पदरात नुकसानीपेक्षा जास्त पडते. ते जास्तीचे वळते करून घ्यायचे, एवढाच त्याचा अर्थ. आता समजा, नवे बॉनेट करासकट १०,००० रुपयांचे आहे. ४० टक्के घसारा गेला की कंपनी देते ६,००० आणि मालक भरतो ४,०००. तेवढ्याच वयाच्या गाडीचे जुने ओरिजिनल बॉनेट बिलासकट ४,००० रुपयांना मिळाले. नऊ वर्षांची झीज त्या किमतीतच उतरलेली आहे. म्हणूनच तर ते दहाचे चार झाले. त्याच्यावर पुन्हा ४० टक्के लावले की कंपनी देते २,४०० आणि मालक भरतो १,६००. एकाच झिजेचे पैसे दोनदा गेले. घसारा न लावता पूर्ण ४,००० दिले, तरी नव्या बॉनेटच्या मानाने कंपनीचे २,००० रुपये वाचतातच. हेडलाइटचेही तेच. नवा ६,००० चा, त्यावर ५० टक्के, कंपनीचे ३,००० जातात. जुना २,५०० ला मिळाला आणि पूर्ण दिला तरी कंपनी ५०० नी फायद्यात. मालकाचेही काही जात नाही.

यावर सर्व्हेअरचे उत्तर ठरलेले असते. पॉलिसीत ‘बदललेल्या पार्टवर’ घसारा लिहिला आहे, पार्ट नवा की जुना हे लिहिलेले नाही. शब्दशः ते खरे आहे. पण त्याच पॉलिसीत असेही आहे की कंपनी आपल्या मर्जीने गाडी दुरुस्त करील, पार्ट बदलून देईल किंवा नुकसानीची रक्कम रोख देईल. बदललेला पार्ट नवाच पाहिजे, असे तिथे लिहिलेले नाही. कागद गप्प बसतो तिथे माणसाची मर्जी चालते, आणि मग एकाच गॅरेजमध्ये एकाच महिन्यात दोन गाड्यांना दोन न्याय लागतात.

कंपन्यांची भीती सगळी खोटी आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. जुना पार्ट बहुतेकदा कच्च्या पावतीवर येतो. तो कोणत्या गाडीचा, ती गाडी चोरीची नव्हती ना, पुरात बुडालेली नव्हती ना, याचा पुरावा नसतो. आणि आमच्याच धंद्यातले काही जण जुना दरवाजा बसवून नव्याचे बिल लावतात, हेही उघड बोलले पाहिजे. मालकाला सांगतात, ‘तुमचा फायदाच करून देतो.’ काम झाल्यावरच्या फेरतपासणीला हे पकडणे अवघड नसते. नव्या दरवाजाच्या आतल्या पत्र्याला एकसारखा प्रायमर असतो. जुन्याच्या वरच्या रंगाखाली दुसराच रंग दिसतो. प्लॅस्टिकच्या पार्टवर साच्यातच महिना-वर्ष उमटलेले असते. एवढे सापडले की खोटी माहिती दिली म्हणून एका दरवाजापायी अख्खा क्लेम नामंजूर होतो, आणि अर्जावर सही असते मालकाची.

म्हणून जुना पार्ट बसवायचा असेल तर तो उघडपणे, कागदावर आणून बसवावा. गाडी उघडण्याआधी क्लेम नोंदवा. सर्व्हेअरला एकाच कागदावर दोन रकान्यांचे एस्टिमेट द्या: प्रत्येक पार्टची नवी किंमत एकीकडे, जुन्याची दुसरीकडे, जुन्यापुढे ‘वापरलेला ओरिजिनल’ असे स्वच्छ लिहून. दुसरा रकाना मान्य आहे का आणि त्यावर घसारा लावणार का, हे ईमेलवर विचारा. ‘बसवा, बघू नंतर’ हे तोंडी उत्तर पुढे कामाला येत नाही. गाडी उघडल्यावर आत आणखी नुकसान दिसले तर काम तिथेच थांबवून सर्व्हेअरला पुन्हा बोलवा. रेडिएटर सपोर्टची वाकलेली पट्टी आणि कंडेन्सरची गळती बंपर उतरवल्याशिवाय दिसत नाही. विकणाऱ्याकडून जीएसटी क्रमांकाचे पक्के बिल घ्या आणि त्यावर पार्ट ज्या गाडीतून निघाला तिचा नोंदणी क्रमांक किंवा चेसिसचे शेवटचे आकडे लिहून घ्या. फोटो तीन वेळचे हवेत: पार्ट सुटा असताना, रंगाआधी गाडीवर बसवलेला आणि काम झाल्यावर. काढलेला मोडका पार्ट फेरतपासणीपर्यंत टाकू नका. त्याच्या भंगाराचे पैसे असेसमेंटमध्ये वजा झाले असतील तर तो पार्ट मालकाचा झाला, गॅरेजचा नव्हे. तो मागून घ्या.

कॅशलेसमध्ये, म्हणजे कंपनी गॅरेजला परस्पर पैसे देते तिथे, हे सहसा जमत नाही. शोरूमची गॅरेजे जुना पार्ट बसवत नाहीत. त्यामुळे आधी स्वतः बिल भरून मग कंपनीकडून पैसे घेण्याचाच मार्ग उरतो. आणि ज्याच्याकडे झिरो डेप आहे त्याने जुन्याच्या वाटेला जाऊ नये. त्याने घसारा माफ करून घेण्यासाठी जादा हप्ता भरलेला आहे. खर्च वाचवायला कोणी त्याला जुना पार्ट सुचवला, तर त्याने सरळ नकार द्यावा.

कोणता पार्ट जुना चालतो, यावरही एकदा स्पष्ट बोलायला हवे. बॉनेट, दरवाजा, फेंडर, डिकीचे झाकण, बंपर, दिवे, आरसे, दरवाजाची काच, सीट, स्टार्टर, अल्टरनेटर हे नीट पारखून घेतले तर चालतात. एअरबॅग, सीटबेल्ट आणि धडकेत तो आवळणारा प्रिटेन्शनर, एअरबॅगचे मॉड्यूल, ब्रेकचे पार्ट, स्टिअरिंग रॅक, नकल (चाक ज्यावर बसते तो भाग), लोअर आर्म आणि टायर कोणी फुकट दिले तरी घेऊ नयेत. धक्का खाल्लेल्या नकलमधली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही; ती दिसते तेव्हा चाक बाजूला झालेले असते. समोरची काच गोंदावर बसते, ती काढताना कडेला तडा जातो; आणि काचेवर घसारा शून्य असल्यामुळे ती जुनी घेण्यात मालकाचा फायदाही नाही.

कोकणात पारख करायची ती गंजाची आणि पुराची. दरवाजा उभा करून खालचे रबर ओढा. आतला आणि बाहेरचा पत्रा जिथे एकमेकांवर दुमडला आहे, त्या घडीवरून नख फिरवा. रंगाखाली भाताच्या शितांएवढे फोड लागले तर गंज आतून बाहेर येतो आहे. वरून घासून रंगवले तरी एका पावसाळ्यात पुन्हा फुटणार. खालच्या कडेची पाणी जाण्याची भोके लाल मातीने बुजलेली असतील तर आत पाणी साचून राहिले आहे. पत्र्यावर चुंबक फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पुट्टी भरलेली आहे. बॉनेटची पुढची कड याच पद्धतीने बघा. इलेक्ट्रिकल पार्टचा कनेक्टर उघडून पिनांकडे पाहा. हिरवट पावडर किंवा पिनांच्या मुळाशी वाळलेला गाळ दिसला तर पार्ट परत करा. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणकरांना हे वेगळे सांगायला नको. वाशिष्ठीच्या पाण्यात गाळ असतो आणि भरतीला खाडीचे खारे पाणी त्याला मिळते. अशा पाण्यातून निघालेली वायरिंग आणि ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) वाळवल्यावर चालतात, पण काही महिन्यांनी भर पावसात, घाटात बंद पडतात. बुडालेली गाडी टोटल लॉस (दुरुस्ती परवडत नाही म्हणून पूर्ण नुकसान) ठरून लिलावात गेली की तिचे पार्ट धुऊनपुसून बाजारात येतात, म्हणून बिलावर मूळ गाडीचा नंबर मागायचा.

टोटल लॉसमध्ये तर जुन्या पार्टचा प्रश्न गाडी राहणार की जाणार इथवर जातो. पॉलिसीच्या अटींना धरून गाडी आणण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत लिहिलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला की गाडी टोटल लॉस धरतात. समजा, आयडीव्ही १,८०,००० आहे, मर्यादा १,३५,०००. नव्या पार्टचे एस्टिमेट १,५५,००० झाले. हा आकडा धरला तर गाडी गेली. घसारा वजा करून १,०५,००० धरले तर गाडी दुरुस्तीत, पण ५०,००० मालकाच्या अंगावर. जुन्या पार्टने तेच काम ९०,००० मध्ये होत असेल तर दोन्ही संकटे टळतात. तेव्हा सर्व्हेअरने कोणता आकडा धरला, घसाऱ्याआधीचा की नंतरचा, हे लेखी विचारलेच पाहिजे.

टोटल लॉस होऊनही मालकाला गाडी ठेवायची असेल तर कंपनी सॅल्व्हेजची, म्हणजे मोडक्या गाडीची, किंमत वजा करून उरलेले देते. ही किंमत ऑनलाइन बोलीतून येते आणि ‘विथ आरसी’ बोली ‘विदाउट आरसी’पेक्षा पुष्कळ चढी असते. वरची बोली आपल्याला लावली तर तिची प्रत मागा आणि स्थानिक भंगारवाल्याची लेखी बोली शेजारी ठेवा. सांगाडा दुसऱ्याला आरसीसकट देणार असाल तर आरटीओत नाव बदलल्याशिवाय देऊ नका. त्या चेसिस नंबरावर उद्या चोरीची गाडी फिरली तर पोलीस नोंदीतल्या मालकाच्या दारात येतात. गाडी कायमची निकामी झाली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी लागते. हे मुदतीत करणारे थोडेच.

जाता जाता टोइंगबद्दल. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत त्यासाठी १,५०० रुपयांची मर्यादा आहे. मंडणगडहून रत्नागिरीच्या शोरूमपर्यंत एवढ्यात कोण गाडी ओढून नेईल?

मतभेद मिटला नाही तर आधी सर्व्हे रिपोर्टची प्रत मागावी आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवावे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी पुण्याचे कार्यालय आहे. फी नाही, वकील चालत नाही, कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत अर्ज हवा. लोकपालांचा निवाडा कंपनीला बांधतो. तक्रारदाराला पटला नाही तर त्याच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तक्रारीत ‘अन्याय झाला’ असे मोघम लिहू नका. पार्टचे नाव, नवी किंमत, जुनी किंमत, कापलेला घसारा, असा चार रकान्यांचा तक्ता जोडा.

विमा कंपन्यांकडे आमची मागणी साधी आहे. सुरक्षेशी संबंध नसलेल्या ठरावीक पार्टची यादी करावी. मालकाची लेखी संमती, पक्के बिल आणि मूळ गाडीचा नंबर असेल तर त्या यादीतला वापरलेला पार्ट मान्य करावा आणि त्याच्या बिलावर घसारा लावू नये. मूळ गाडीचा माग ठेवणे आता अशक्य राहिलेले नाही. २०२१ च्या नियमांनी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांची व्यवस्था आली आहे आणि तिथे येणाऱ्या प्रत्येक गाडीची नोंद होते. तिथून निघालेल्या पार्टवर त्या नोंदीचा क्रमांक चिकटवला, तर सर्व्हेअरलाही फोनवरून तपासता येईल.

आपले,
चिपळूण-खेड परिसरातील काही गॅरेजचालक आणि पत्राकाम करणारे कारागीर