डायलिसिसच्या रुग्णांना टॉनिकच्या बाटल्या नकोत, गोळ्यांच्या बिलाला हातभार लावा

सस्नेह नमस्कार.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेमुळे आपल्या तालुक्यातल्या बऱ्याच रुग्णांचे डायलिसिस मोफत होते. पण गाडीभाडे, बुडालेला रोज आणि घरी घ्यायच्या गोळ्या यांचा भार घरावरच पडतो. पैशांची ओढाताण झाली की सगळ्यात आधी ‘ताकदीच्या गोळ्या’, म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या, बंद होतात. तसे होऊ नये म्हणून मंडळाने यंदाच्या गणेशोत्सवाच्या वर्गणीतून औषधनिधी सुरू केला आहे.

एका डायलिसिसला चार तास लागतात. तेवढ्या वेळात सुमारे १२० लिटर द्रावण मशीनमधून वाहते. रक्तातली घाण त्यात उतरते, आणि तिच्याबरोबर फॉलिक ॲसिड, ब गटातली इतर जीवनसत्त्वे आणि क जीवनसत्त्वही निघून जाते. हे आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षानुवर्षे. जेवणातून भरून काढावे म्हटले तर तिथेही पथ्य आडवे येते. रक्तातले पोटॅशियम वाढू नये म्हणून बटाटा, पालेभाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी मोरीत ओतून द्यायचे, म्हणजे त्याबरोबर ही जीवनसत्त्वेही जातात. शहाळे बंद, केळी बंद, मोसंबी बंद. मग तोंड येते, हिरड्यांतून रक्त येते, आधीच कमी असलेले रक्त आणखी कमी होते. या गोळ्यांनी मूत्रपिंड बरे होणार नाही हे खरे, पण हा त्रास तरी टाळता येतो.

एक कळकळीची विनंती. प्रेमापोटी कोणी टॉनिकची बाटली किंवा घरात उरलेल्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळ्या आणून देऊ नका. त्यात बहुधा अ जीवनसत्त्व असते. ते डायलिसिसने बाहेर पडत नाही, शरीरात साठत जाते आणि अपाय करते. क जीवनसत्त्वाच्या ५०० मिलिग्रॅमच्या चघळायच्या गोळ्याही या रुग्णांनी मनाने रोज खायच्या नसतात, त्यातून ऑक्झलेट नावाचा क्षार शरीरात साचतो. ड जीवनसत्त्वाचे गणित तर आणखी वेगळे. ते कामाला येईल अशा रूपात आणण्याचे काम मूत्रपिंडच करते, त्यामुळे कोणाला कोणते आणि किती द्यायचे हे रक्त तपासून डॉक्टरच ठरवतात.

म्हणून निधीतून फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधे घेतली जातील. पैसे थेट मेडिकलवाल्याला दिले जातील आणि बिले मंडळाच्या कार्यालयात कोणालाही पाहता येतील. एकरकमी देणगीपेक्षा दरमहा थोडी रक्कम दिलीत तर जास्त उपयोग होईल, कारण या गोळ्या कायमच्या आहेत. देणगी खजिनदारांकडे द्यावी आणि पावती अवश्य घ्यावी. आपल्या ओळखीतल्या रुग्णाच्या गोळ्या पैशाअभावी थांबल्या असतील, तर त्याची चिठ्ठी घेऊन या. नाव कोणालाही कळणार नाही.

आपले,
मंडळाचे सर्व कार्यकर्ते