पाथर्डी फाट्याच्या घराबद्दल

आई, बाबा,

वेगळं राहायचा विषय काढला की आई रडायला लागते आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात, म्हणून लिहून पाठवतेय. घर बघितलंय. नाशिकमध्येच, पाथर्डी फाट्याला वन बीएचके, भाडं 9,000, डिपॉझिट 30,000. दुसरा मजला, लिफ्ट नाही, गिझरचा पाईप सुतळीने बांधलाय, ओट्याचा कडप्पा एका कोपऱ्यात उडालाय, पण बाल्कनीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो आणि अंबडची कंपनी गाडीवर दहा मिनिटं.

गावातल्या गावात भाड्याने कशाला, हे आत्याचं वाक्य आहे ना? आत्याला सांगा सेकंड शिफ्ट सुटल्यावर अंबडवरून नाशिकरोडला गाडी चालवून बघ, द्वारका पार करता करता जीव जातो, आणि घरी आले की तुम्ही दोघं जागेच. आणि नुसतं अंतराचं नाहीये, हे पण लिहूनच टाकते. आई म्हणते लग्न झालं की जाणारच आहेस. हो, पण ते पण दुसऱ्या कोणाच्या तरी चालत्या घरात, आणि मला एकदा माझं माझं घर चालवून बघायचंय, गॅस कधी संपतो, लाईट बिल किती येतं सगळं.

बाबा, तुम्ही म्हणता आम्ही कुणापुढे हात पसरला नाही. खरंय. पण तुम्ही नाशिकरोडच्या सरकारी प्रेसमध्ये लागलात आणि क्वार्टर मिळालं. पगारातून थोडे पैसे कटायचे, बस. डिपॉझिट नाही, एजंट नाही, अकरा महिने झाले की भाडं वाढवा नाहीतर निघा असं नाही. ती मदतच होती की, फक्त नोकरीसोबत आली म्हणून कोणी तिला मदत म्हटलं नाही. माझ्या सॅलरी स्लिपवर एचआरए, म्हणजे घरभाडे भत्ता, नावाचा एक रकाना आहे, आणि मी नवीन टॅक्स रिजीममध्ये असल्यामुळे त्यावर सूट पण नाही.

ऑफिसातल्या एकीचा भाऊ स्पेनमध्ये असतो, तिथे 2022 मध्ये सरकारने कमी कमाई असलेल्या 35 वर्षांपर्यंतच्या पोरांना भाड्यासाठी महिन्याला 250 युरो, दोन वर्षं, द्यायची योजना काढली. म्हणजे अर्ज करून पैसे यायला बरीच वाट बघावी लागते, सरकार ते सरकारच. फ्रान्समध्ये तर तिशीपर्यंतच्या मुलांचा जामीन एक संस्थाच राहते, फुकट, घरमालकाला भाडं बुडायची भीती नको म्हणून. आपल्याकडे पंतप्रधान आवास योजनेच्या 2024 च्या शहरी टप्प्यात भाड्याच्या घरांचा भाग आहे, नोकरी करणाऱ्या बायका, कामगार, विद्यार्थी यांच्यासाठी, पण ती घरं बांधायची योजना आहे, बांधून होतील तेव्हा होतील, मला पुढच्या महिन्यात राहायला जायचंय.

म्हणजे आपल्याकडे डिपॉझिट पण आईबाप आणि जामीन पण आईबापच. म्हणून सरळ मागते. 30,000 मला उसने द्या. दर महिन्याला 3,000 परत करेन, बाबांच्या खात्यात, आणि आई तू ते गुपचूप माझ्या नावाने आरडीत टाकायचे नाहीत.

दुसरं. घरमालक म्हणतात वडिलांच्या नावाने ॲग्रीमेंट करू. घरमालकीण काकूंनी तर मित्र येतात का, नॉनव्हेज करता का, रात्री किती वाजता येता सगळं विचारून घेतलं, आणि खाली राहणाऱ्या बॅचलर पोराला यातलं काहीच विचारलेलं नाही, मी त्यालाच विचारलं. मी सांगितलं पगार माझा, भाडं मी देणार, नाव पण माझंच. मग म्हणाले तसंच राहा, 500 च्या स्टॅम्पवर लिहून घेऊ, रजिस्टर कशाला. तर बाबा, इथे मला तुमची गरज आहे. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे कायद्यात कलम 55 आहे, करार लेखी आणि रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, नाही केला तर 5,000 पर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि वाद झाला तर मालकाने उलटं सिद्ध करेपर्यंत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. खर्च पण काही फार नाही, शहरात रजिस्ट्रेशनचे 1,000 आणि स्टॅम्प ड्युटी पाव टक्का. हे मी सांगितलं की पोरगी कायदा शिकवते, तुम्ही सांगितलं की अनुभवी माणूस. राग येतो, पण सध्या चावी मिळवायचीय, भांडण नंतर.

शनिवारी अकराला एजंटचा माणूस करार रजिस्टर करायला अंगठ्याचं मशीन घेऊन फ्लॅटवरच येणारे. बाबा, तुम्ही साक्षीदार म्हणून या, भाडेकरू म्हणून नाही. आधार कार्ड ओरिजिनल आणा. आई, तू पण ये, पण काकूंसमोर माझ्या लग्नाचा विषय नको. छोटा कुकर आणि जुना मिक्सर मी नेतेय, नवीन घेऊ नका. आत्याला मी स्वतः फोन करते.

तुमची,
ताई