दुपारभर भुंकणाऱ्या कुत्र्याला नोटीस नको, काम द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाण्यातील गृहसंकुलांच्या सभांमध्ये पार्किंग आणि पाण्याच्या खालोखाल ज्या विषयावर आवाज चढतात, तो विषय म्हणजे दुपारभर भुंकणारे कुत्रे. घोडबंदर रस्त्यालगतच्या उंच इमारतींमध्ये सकाळी घरातली माणसे कामाला निघून गेली, की दोन खोल्यांच्या जागेत मागे राहिलेला कुत्रा संध्याकाळपर्यंत दाराशी नाहीतर बाल्कनीच्या जाळीशी बसून असतो, आणि लिफ्टचा आवाज, शेजारची बेल, खालून जाणारा भंगारवाला अशा प्रत्येक चाहुलीला भुंकून उत्तर देतो. मग शेजाऱ्यांची तक्रार, मालकाचे स्पष्टीकरण आणि कमिटीची नोटीस हा क्रम ठरलेलाच आहे. या सगळ्यात त्या कुत्र्याला दिवसभर करायला नेमके काय आहे, हे कोणीही विचारत नाही, आणि माझ्या मते तक्रारीचे मूळ तिथेच आहे.

भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार भुंकण्याच्या कारणावरून सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. मात्र आपल्या कुत्र्याचा इतरांना त्रास होऊ नये, याची काळजी मालकाने घ्यावी, हेही त्याच सूचनांमध्ये सांगितले आहे. त्याहून जुना, १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा त्याच्या अकराव्या कलमात सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हीच क्रूरता मानतो. म्हणजे कुत्र्याचे रिकामपण हा केवळ हौसेचा किंवा लाडाचा प्रश्न नाही.

सकाळ-संध्याकाळच्या फेरीला पर्याय नाही, हे आधीच स्पष्ट करतो. पण फेरी झाल्यावर उरणाऱ्या तासांचे काय करायचे, याचे एक साधे आणि स्वस्त उत्तर आहे, ते म्हणजे कुत्र्याचे जेवण ताटलीत न वाढता पोकळ रबरी खेळण्यात भरून देणे. ताटलीतले अन्न बहुतेक कुत्रे दोन-तीन मिनिटांत संपवतात. तेच अन्न खेळण्यात नीट भरले, तर चाटणे, चघळणे, पंजांनी धरून उलटेपालटे करणे आणि वास घेत शेवटचा कण शोधणे यात त्यांचा बराच वेळ जातो. आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांकडे पाहिले, तर त्यांच्या दिवसाचा मोठा भाग हुंगत फिरण्यात आणि खाणे शोधण्यात जातो, हे लक्षात येईल. घरातल्या कुत्र्याचे नाक आणि डोके तसेच आहे. त्याचे काम तेवढे आपण काढून घेतले आहे.

ही खेळणी मुळात कुत्र्याच्या चघळण्याच्या ओढीतूनच आली. अमेरिकेतील कोलोरॅडोच्या जो मार्कहॅम यांचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवत असे. १९७० च्या दशकात फोक्सवॅगन गाडीच्या सस्पेन्शनमधला एक रबरी भाग त्याला इतका आवडला, की त्यावरूनच ‘काँग’ हे पोकळ खेळणे तयार झाले. आता तशा घडणीची अनेक खेळणी आपल्याकडील पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मिळतात.

भरण्याची पद्धत मात्र शिकून घ्यावी लागते, आणि बहुतेक घरांत खेळणे पडून राहते ते त्यामुळेच. पहिल्या आठवड्यात कुत्र्याच्या विकतच्या खाद्याचे कोरडे दाणे सैल भरावेत, खेळणे ढकलताच ते बाहेर पडले पाहिजेत. सुरुवातीलाच गोठवलेले खेळणे पुढ्यात ठेवले, तर कुत्रा चार वेळा चाटून कंटाळतो आणि ते कायमचे सोडून देतो. सवय लागल्यावर खालच्या बारीक छिद्रात गाजराचा तुकडा बसवावा, तळाशी सर्वांत आवडीचा वास असलेली गोष्ट, उदाहरणार्थ हाडे काढलेल्या उकडलेल्या चिकनचा तुकडा किंवा पनीर ठेवावे, मधल्या भागात पाण्यात भिजवून मऊ केलेले रोजचे दाणे किंवा भात दाबून भरावा आणि वरचे तोंड उकडलेल्या लाल भोपळ्याच्या लगद्याने किंवा घट्ट दह्याने लिंपावे. मग खेळणे स्टीलच्या पेल्यात उभे करून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावे. सकाळी ते कुत्र्याला देताना खाली जुनी सतरंजी घालावी, कारण अन्न बाहेर यावे म्हणून कुत्रे खेळणे उचलून आपटतात आणि टाइल्सवरचा तो ठोका खालच्या मजल्यावर थेट ऐकू जातो. एक तक्रार मिटवताना दुसरी उभी राहायला नको.

हे वरचे खाणे नव्हे, रोजच्या जेवणाचाच वाटा आहे, हे घरातल्या सर्वांना माहीत असले पाहिजे. भरले तेवढे ताटलीतून कमी करावे. चिकन, पनीर यांसारखी चैन दिवसाच्या उष्मांकांच्या एक दशांशापुढे जाऊ देऊ नये. फ्लॅटमधले लॅब्रेडॉर आणि बीगल आधीच स्थूलपणाकडे झुकतात.

आपल्या स्वयंपाकघरातले सगळेच कुत्र्याला चालत नाही. कांदा आणि लसूण त्याच्या तांबड्या पेशींना अपाय करतात, त्यामुळे फोडणीची खिचडी किंवा उरलेली भाजी खेळण्यात भरू नये. द्राक्षे आणि मनुका, बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात, म्हणून सत्यनारायणाच्या प्रसादाचा बेदाणे घातलेला शिरा कितीही प्रेमाने दिला, तरी तो धोक्याचाच. चॉकलेट वर्ज्य आहे, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक असते. पीनट बटरच्या बरणीवरचे बारीक अक्षर मात्र कमी जण वाचतात. त्यात साखरेऐवजी झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ घातलेला असेल, तर कुत्र्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते आणि यकृतालाही इजा होऊ शकते. घरी भाजलेल्या, बिनमिठाच्या शेंगदाण्यांचे थोडे कूट हा त्याहून निर्धोक पर्याय आहे. पावसाळ्यात उपवन तलावावर भाजलेले कणीस खाऊन उरलेला बुरकुंडा कुत्र्यापुढे टाकण्याची पद्धतही थांबायला हवी. त्याचे गिळलेले तुकडे आतड्यात अडकतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते.

खेळणे निवडताना ते कुत्र्याच्या घशात जाणार नाही एवढे मोठे असावे, आणि त्याला दोन्ही टोकांना छिद्रे असावीत, कारण एकाच छिद्राच्या खेळण्यात हवा ओढली जाऊन जीभ अडकल्याचे प्रकार घडले आहेत. रबर नखाने दाबल्यावर किंचित दबले पाहिजे. त्याहून कठीण वस्तूंवर दाढा फुटतात. पहिले काही दिवस आपल्या डोळ्यांसमोरच द्यावे आणि तुकडे निघू लागले की ते खेळणे फेकून द्यावे. आपल्या दमट हवेत आतल्या कोपऱ्यात राहिलेला भात एका दिवसात आंबतो आणि मुंग्याही येतात, म्हणून बाटली घासायच्या ब्रशने ते रोज धुतलेच पाहिजे. ज्यांना विकतचे खेळणे परवडत नाही, त्यांनी जुन्या टॉवेलात दाणे गुंडाळून द्यावेत किंवा इडलीपात्राच्या खळग्यांत दही गोठवून द्यावे. करवंटी मात्र देऊ नये, तिच्या कपच्या निघतात.

घरात दोन कुत्रे असतील, तर त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत द्यावे, आणि कुत्रा खेळण्यात गुंतलेला असताना मुलांनी ते ओढू नये. परत घ्यायचेच असेल, तर दुसरा आवडता घास दाखवून बदल्यात घ्यावे.

या उपायाची मर्यादाही सांगितली पाहिजे. काही कुत्र्यांना एकटेपणाची खरोखर धास्ती असते. मालक बाहेर पडताच ते लाळ गाळतात, दार ओरबाडतात, आणि भरलेले खेळणे मालक परतेपर्यंत जसेच्या तसे पडून राहते. अशा कुत्र्याला खेळण्याची नव्हे, पशुवैद्यांची गरज असते. इतरांच्या बाबतीतही खेळणे आपण घरी असताना अधूनमधून द्यावे. फक्त बाहेर जाताना दिले, तर ते दिसताच कुत्र्याला आपण निघाल्याची खूण पटते आणि तो अस्वस्थ होतो. जुलैच्या संततधारेत फेरी चुकते तेव्हा, किंवा दिवाळीत फटाके सुरू होण्याआधी दारे-खिडक्या लावून दिलेले चाटायचे खेळणे अनेक कुत्र्यांना शांत ठेवते.

सोसायट्यांच्या कमिट्यांना माझी विनंती आहे, की भुंकण्याची पहिली तक्रार आली की नोटिशीच्या आधी मालकाशी बसून कुत्र्याचा दिवस कसा जातो, हे विचारावे. आणि आपल्या दैनिकाला विनंती अशी, की कोणत्या अन्नाने खेळणे भरावे आणि कोणते कुत्र्याला कधीच देऊ नये, याचा तक्ता पशुवैद्यांकडून तपासून घेऊन मराठीत, मोठ्या अक्षरांत छापावा. ही माहिती इंग्रजीत भरपूर मिळते. पण दुपारी कुत्र्याजवळ घरी असतात त्या कामाच्या मावशी किंवा आजोबा, आणि त्यांना ती फ्रीजच्या दारावर लावून वाचता आली पाहिजे.

आपला विश्वासू,
एक श्वानपालक, कोलशेत, ठाणे (प.)