सर्व्हेअरसाहेबांस, चिपळूणहून

सप्रेम नमस्कार, वि. वि.

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणच्या बाजारपेठेत ज्या गाड्या चिखलात रुतून पडल्या होत्या, त्यांतली एक माझी. तुम्हाला ती आठवायचं कारण नाही, त्या दिवसांत तुमच्या डोळ्यांखालून तसल्या किती गेल्या असतील देव जाणे. तरी हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण आमच्याकडे नुकसान तपासायला येणारा सर्व्हेअर म्हटलं की ‘विमा कंपनीने पैसे कापायला पाठवलेला माणूस’ एवढंच बोललं जातं. दरवर्षी पावसाळा तोंडावर आला की ही चर्चा निघते आणि दरवर्षी मला तुमची बाजू घेऊन भांडावं लागतं. म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढू.

वाशिष्ठी आणि शिव नदीने त्या रात्री काय केलं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलंय, पुन्हा सांगत बसत नाही. माझं वह्या-पुस्तकांचं दुकान. जुलै महिना, शाळेचा सगळा माल भरलेला आणि त्या मालाचा विमा नाही. गाडीचा मात्र होता. एवढं सांगितलं की त्या क्लेमकडे आम्ही घरचे कसे डोळे लावून बसलो होतो ते तुमच्या लक्षात येईल.

गमबूट घालून तुम्ही आलात आणि नमस्काराच्याही आधी विचारलंत, “किल्ली फिरवली का?” नव्हती फिरवली. “मग आता कुणालाही फिरवू देऊ नका.” बॉनेट उघडून ऑइलची पट्टी बाहेर काढलीत. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलेंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं की पिस्टनचा दांडा वाकतो, आणि असं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही, कारण ते पुराने नाही तर नंतर गाडी चालू करू पाहिल्याने झालं असं कंपनी धरते, हे तुम्ही तिथेच चिखलात उभ्या उभ्या समजावलंत. त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. पलीकडच्या आळीतल्या एका पोराने गाडी धक्का मारून चालू करून पाहिली होती. तो तुमच्या पाया पडायला लागला, ‘तेवढं लिहू नका’ म्हणून. तुम्ही त्याला म्हणालात, “जे आहे ते लिहिणार, पण बाकी जे पाण्याने गेलंय तेही एकूण एक लिहिणार.” आणि लिहिलंत. त्याला इंजिनाचे मिळाले नाहीत, सीट, वायरिंग वगैरेचे मिळाले. आजही तो तुम्हाला शिव्या देत नाही, यात काय ते आलं.

शेजाऱ्यांची गोष्ट अजून मनाला लागते. त्यांनी २०१९ मध्ये नवी गाडी घेतली होती आणि पॉलिसीवर २०२२ पर्यंतची तारीख होती. पण ती तारीख थर्ड पार्टीची, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणाऱ्या विम्याची. सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा घ्यावाच लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र त्यांचा एकाच वर्षाचा होता, आणि तो २०२० मध्येच संपलेला. तुम्ही कागद दोनदा वाचलात, तिसऱ्यांदा वाचलात आणि मग त्यांना बाजूला नेऊन सांगितलंत. लोकांसमोर नाही सांगितलंत, ते बरं केलंत.

आता माझ्या गाडीचं. पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी ठरवलेली गाडीची किंमत, ३ लाख ६० हजार. गॅरेजने वरवर बघून २ लाख ३० हजारांचं एस्टिमेट काढलं आणि कामाला हात घालायची घाई सुरू केली. मला ते बरंच वाटलं होतं, गाडी दुरुस्त होतेय ना! तुम्ही अडवलंत. डॅशबोर्ड उघडल्याशिवाय आकडा मान्य नाही म्हणालात. उघडल्यावर आत वायरिंगच्या जुडग्यात, ईसीएममध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये), एअरबॅगच्या जोडण्यांत सगळीकडे गाळ. नवं एस्टिमेट ३ लाखांच्या वर गेलं. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या पुढे गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण गेलेली धरतात; माझ्या बाबतीत २ लाख ७० हजारांच्या पुढे. पहिल्याच आकड्यावर काम झालं असतं तर रबर, प्लॅस्टिक, बॅटरी, एअरबॅग यांची निम्मी किंमत घसाऱ्यापोटी माझ्या खिशातून गेली असती, कारण झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा संरक्षण, घेतलेलं नव्हतं. आणि पुराचं पाणी प्यालेलं वायरिंग पुढे दर पावसाळ्यात नवं दुखणं काढतं, ते वेगळंच. गॅरेजवाल्याला तुमचा राग आला असणार. येऊ दे.

खरा उपकार पुढचा आहे. टोटल लॉस ठरल्यावर कंपनीच्या ऑफिसातून फोन आला की गाडी जुनी आहे, बाजारभाव कमी आहे, तडजोड करा, कमी रकमेवर सही केलीत तर लगेच पैसे देतो. दुकानात चिखल आणि हातात दमडी नसताना ‘लगेच’ हा शब्द किती गोड लागतो ते पूरग्रस्तालाच विचारा. मी तुम्हाला फोन केला. तुम्ही कुणाबद्दल वाईट बोलला नाहीत, तडजोड करा किंवा करू नका असंही म्हणाला नाहीत. फक्त म्हणालात, “पॉलिसीत आयडीव्हीखालचा मजकूर शांतपणे वाचा.” तिथे स्वच्छ छापलेलं होतं की टोटल लॉसमध्ये आयडीव्ही हीच पॉलिसीच्या पूर्ण मुदतीत गाडीची किंमत धरायची, त्यावर पुन्हा घसारा नाही. तेवढंच वाक्य मी मेलमध्ये उतरवून पाठवलं आणि सर्व्हे रिपोर्टची प्रत मागितली. तडजोडीचा विषय पुन्हा निघाला नाही. क्लेममधून सक्तीने कापायचे १ हजार वजा होऊन ३ लाख ५९ हजार जमा झाले, सांगाडा कंपनीने ठरवलेल्या भंगारवाल्याने नेला. त्या पैशांतून दिवाळीआधी दुकानात माल भरला, गाडी नंतर घेतली.

सांगाडा जाण्याआधी तुम्ही दिलेला सल्लाही इथे लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आरसीवरचं आपलं नाव निघेपर्यंत भंगार झालं तरी गाडी आपलीच. टोटल लॉस गाडीचे कागद आणि चासी नंबर चोरीच्या गाडीला वापरायचे धंदे चालतात, म्हणून नेणाऱ्याकडून तारीख-वेळ घालून पोच घ्यायची आणि आरटीओला लेखी कळवायचं. गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत कळवायचं असं मोटार वाहन कायद्यातच आहे. आणि काचेवरचा फास्टॅग बंद करायचा. हे शेवटचं ऐकून मी हसलो होतो. नंतर ओळखीतल्या एकाच्या मेलेल्या गाडीचा टोल कापला गेला आणि त्याला मात्र हसू आलं नाही.

तुम्हाला फी कंपनी देते, परवाना विमा क्षेत्राची नियामक संस्था आयआरडीएआय देतं, हे मला तुमच्याकडूनच कळलं. दोन्ही बाजू तुमच्यावर नाराज असतात असंही तुम्ही सहज बोलून गेलात. निदान एका बाजूचा एक माणूस नाही, एवढी नोंद करून ठेवा.

पैसे जमा झाल्यावर पाठवलेले पेढे तुम्ही ‘नियमात बसत नाही’ म्हणून परत केलेत, त्याचा राग अजून आहे. आता क्लेम कधीच मिटला आहे, तेव्हा नियमाची सबब चालणार नाही. मुंबई-गोवा रस्त्याने जाणं झालं तर चिंचनाक्यावर कुणालाही वह्यांचं दुकान विचारा. चहा तरी घ्यावाच लागेल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
चिपळूणचा एक दुकानदार